नंदाताईंच्या गिरणीतला खडू

प्रबुद्ध इंगळेला नाही म्हणता येत नसे. हा काही फार मोठा दोष नव्हे, आणि विक्रोळीच्या कन्नमवार नगरात तर तो गुणच समजला जाई. कुणाचा लॅपटॉप बंद पडला, बोलवा प्रबुद्धला. कुणाच्या मुलीचा अकरावीचा फॉर्म ऑनलाइन अडकला, प्रबुद्ध आहे. विहाराच्या कमानीवरची दिव्यांची माळ, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, समोरच्या आजोबांच्या मोबाइलमधली बारीक अक्षरं, सगळ्याला तो "हो, करतो ना" म्हणायचा. म्हणताना त्याचा चेहरा इतका खुलायचा की विचारणाऱ्याला आपणच त्याच्यावर काहीतरी उपकार केले असं वाटे.

कामं व्हायचीही. फक्त वेळेवर व्हायची नाहीत. दुरुस्तीला नेलेला एक आकाशकंदील त्यानं परत दिला तेव्हा नाताळ आला होता. मालकांनी तो तसाच लावला आणि खिडकीतून सगळ्यांना सांगितलं, "प्रबुद्धनं केलाय, चांगला झालाय."

त्याचे वडील भीमराज मेहकरकडून तरुणपणी मुंबईत आले आणि विक्रोळीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं काम करून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी ढोलकी हातात घेतली ती ठेवलीच नाही. आई नंदाताईंची पिठाची गिरणी. तळमजल्याचा कोपऱ्याचा गाळा, पुढे गिरणी आणि मागे घर. सकाळी साडेसातला मोटर सुरू झाली की मागच्या घरातली भांडी मांडणीत हळूच किणकिणायला लागत. म्हणून प्रबुद्ध आपलं खरं काम पहाटे पाच ते सातमध्ये उरकी.

पोटाचं काम अंधेरीला होतं, लिफ्टची पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत. खरं काम मात्र 'काजवा'चं. काजवा ही संगणक चालवणारी एक लहानशी प्रणाली. तिची मालकी कुणाची नाही. जगभरातली दीडदोनशे माणसं आपापल्या फावल्या वेळात ती लिहितात, आणि ज्याला हवी त्यानं ती घ्यावी, वाचावी, बदलावी. तळहातावर मावणाऱ्या स्वस्त संगणकांवर ती झकास चालते. एकच उणीव होती. काजवा सगळ्या कामांना सारखं वागवी. तुला थोडा वेळ, मग तुला थोडा, मग तुला, अशी पंगत. आता घड्याळ दाखवण्याचं काम थोडं उशिरा झालं तर कुणाचं बिघडत नाही. पण गाण्याचा आवाज स्पीकरला पोचवायचा असेल, तर त्याचा पुढचा तुकडा सेकंदाच्या तीनशेव्या भागात तयार हवा म्हणजे हवा. नाही झाला तर स्पीकर 'कट्' म्हणतो आणि गाणाऱ्याची मान वळते.

कामांनी आपापली वेळ सांगावी आणि काजव्यानं ती पाळावी, अशी सोय प्रबुद्ध दोन वर्षं करत होता. ज्याची वेळ सगळ्यात जवळ आली त्याला आधी घ्यायचं, हे त्याचं सूत्र. केलेला बदल इतरांकडे तपासायला पाठवायचा आणि तपासणाऱ्यानं तो मान्य केला तरच मूळ प्रणालीत घ्यायचा, ही काजव्याची रीत.

तपासणारीचं नाव रेवती. तिच्याबद्दल प्रबुद्धला एवढंच माहीत होतं की तिची पत्रं लहान असतात. पहिल्या खेपेला तिनं लिहिलं होतं, "कोड वाचला. स्वच्छ आहे. घेता येणार नाही. कारणं खाली." खाली अकरा कारणं होती. दुसऱ्या खेपेला चार. त्या सप्टेंबरात त्यानं तिसऱ्यांदा पाठवलं तेव्हा कारण एकच उरलं होतं, आणि तेही प्रश्नाच्या रूपात.

"सगळ्या कामांनी मिळून शंभर मिनिटांत एकशेवीस मिनिटांचं काम मागितलं, तर तुझी व्यवस्था काय करते?"

प्रबुद्धनं मनापासून लिहिलं, "शक्य तेवढा प्रयत्न करते."

तासाभरात उत्तर आलं. "प्रयत्न करणं हे उत्तर नाही. नवी आवृत्ती तीस नोव्हेंबरला बदलांसाठी बंद होते. नंतर पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी म्हणजे वाट लागली असती. कारण ही सोय यंदा येणार असं प्रबुद्धनं सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं. अंधेरीतल्या साहेबांना सांगितलं होतं. पुण्याच्या एका कॉलेजात भाषणच ठोकून आला होता. आणि घरात धाकट्या बहिणीला, तेजलला.

तेजलची गायन पार्टी होती. ती गाणार, भीमराज ढोलकीवर, आणि बरोबर दोघी मैत्रिणी. सव्वीस नोव्हेंबरला संविधान दिनाचा कार्यक्रम विहाराच्या पटांगणात व्हायचा होता, आणि भाड्याच्या साउंडवाल्याऐवजी प्रबुद्धचा तळहाताएवढा संगणक चारही माइकचा आवाज सांभाळणार होता. तालमीत दोन माइक लावले की सुरेख चालायचं. तिसरा लावला तरी चालायचं. चौथा लावून तेजलनं आवाजाला थोडा घुमारा मागितला की कट्, कट्, कट्.

"दादा, हे काय रे? कुणी पापड मोडतंय का आत?" तेजल म्हणाली.

"होईल गं. थोडं सेटिंग आहे."

"दोन महिने सेटिंगच आहे."

भीमराज ढोलकीची दोरी ओढत म्हणाले, "नुसता एक माइक तुटला असता तर समजलं असतं. चारही कसे तुटतात रे? एकाचं दुखणं सगळ्यांना?"

हा प्रश्न बरोबर रेवतीच्या प्रश्नासारखा होता, हे प्रबुद्धच्या लक्षात आलं. जास्तीच्या कामाला आत घ्यायचंच नाही, हा एक मार्ग त्याला दिसत होता. पण तो त्याला पटेना. कुणी दारात येऊन काम सांगतो आणि आपण त्याला परत पाठवायचं? तसली प्रणाली लिहायला त्याचा हात वळत नव्हता.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी नंदाताईंच्या भाचीचा साखरपुडा होता, कल्याणला. शुक्रवार म्हणजे भाजणीचा दिवस. नंदाताईंच्या गिरणीत सकाळी गहू, दुपारी ज्वारी-बाजरी, चारनंतर डाळी, आणि चकलीची भाजणी फक्त मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी, असा शिरस्ता होता. प्रबुद्धनं त्या दिवशी रजा काढली होती.

"मी बघतो ना गिरणी," तो म्हणाला. "तू आरामात जा."

"तुझे बाबा आहेत."

"बाबांना साखरपुड्याला ने. मी आहे ना."

नंदाताईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग फळीवरचा खडू त्याच्या हातात दिला. "डबा घेताना झाकणावर वेळ लिहायची. आणि लिहिण्याआधी विचार करायचा."

सात वाजता दोघं गेले. साडेसातला मोटर सुरू झाली. आठपर्यंत प्रबुद्धला वाटत होतं की आईचं काम आपण उगाच अवघड समजत होतो.

सव्वाआठला नीलाकाकू आल्या. दोन इमारती पलीकडे राहायच्या, आणि त्यांची चकली सगळ्या नगरात पहिली व्हायची. "बारापर्यंत दे हो प्रबुद्ध, सुना दुपारी करायला बसणार आहेत."

"देतो ना काकू." झाकणावर खडूनं बारा.

मग पाठोपाठ आले सगळे. भाजणी, बेसन, गहू, अनारशाचं पीठ. प्रत्येकाला बारा हवे होते, आणि ज्यांना नको होते त्यांना साडेअकरा. एक बाई म्हणाल्या, "आज डाळ नसते ना रे सकाळी?" तर प्रबुद्ध म्हणाला, "आज घेतो." दहा वाजता गिरणीत एकतीस डबे होते आणि झाकणांवरचं त्याचं अक्षर सुबक होतं.

दळायला त्यानं आपलं सूत्र लावलं. ज्याची वेळ जवळ, तो डबा आधी. दोन वर्षं डोक्यात घोळलेली गोष्ट आज प्रत्यक्ष हातानं करतोय, याचा त्याला मनातून आनंदही झाला. पण जवळची वेळ कधी भाजणीची असे, कधी गव्हाची, कधी डाळीची. एक धान्य जाऊन दुसरं यायचं म्हणजे दगडातलं आधीचं पीठ काढा, नव्या धान्याची मूठभर सोडा, ती बाजूला करा. नंदाताई हे दिवसातून तीनदा करीत. प्रबुद्धनं अकरापर्यंत नऊदा केलं होतं.

साडेअकराचा डबा बाराला निघाला. बाराचे डबे मागे पडले. ज्याची वेळ आधीच टळली होती, त्याचीच वेळ सूत्राप्रमाणे सगळ्यात जवळची होती. म्हणून त्याला आधी घ्यायचं, आणि तो दळून होईस्तोवर पुढच्याची वेळ टळायची. मग पुढचाही 'सगळ्यात जवळचा' व्हायचा. एक वाजला तेव्हा बाराच्या पंधरा डब्यांतले दोन वेळेवर गेले होते. उरलेल्या तेरांपैकी कुणाचाच गेला नव्हता असं नाही, पण जो गेला तो रागावून गेला.

"अरे, माझ्या सुना परात घेऊन बसल्यात," नीलाकाकू म्हणाल्या. "होणार नव्हतं तर सकाळीच सांगायचंस. मी टागोर नगरच्या गिरणीत टाकलं असतं."

"झालंच काकू. पुढचा तुमचाच."

"हे तू साडेबारालाही म्हणालास."

कुणीतरी मागून म्हणालं, "साडेबाराला मलापण म्हणाला." त्यावर सगळे हसले, आणि नीलाकाकूही हसल्या. प्रबुद्ध तेवढा हसला नाही. नखशिखांत पिठानं माखलेला तो डब्यांकडे बघत उभा होता. चारही माइक एकदम का तुटतात, ते त्याला आता समोर दिसत होतं. झाकणावर आकडे असलेले, एका ओळीत.

तीन वाजता नंदाताई आल्या. काठापदराची साडी, केसांत साखरपुड्याचा गजरा. दारातूनच त्यांनी सगळं पाहिलं आणि पदर खोचला. रागावल्या नाहीत. डबे उचलून त्यांनी धान्याप्रमाणे गट केले. मग थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या, ओठ हलत होते. मोजणं झाल्यावर सहा डबे बाजूला काढले आणि त्यांच्या मालकिणींना एकेक करून सांगितलं, "ताई, हे आज होणार नाही. मंगळवारी सकाळी अकराला नक्की. आजच हवं असेल तर आत्ता घेऊन जा, टागोर नगरची गिरणी नऊपर्यंत चालू असते."

प्रबुद्धला वाटलं, आता भांडण. पण चौघी डबा उचलून निघाल्या. दोघींनी "मंगळवारी चालेल" म्हटलं. नंदाताईंनी त्या दोन झाकणांवरचा बारा पुसून 'मं. ११' लिहिलं. उरलेले सगळे डबे संध्याकाळी साडेसहाला संपले. एकही मागे राहिला नाही, आणि नीलाकाकूंच्या सुनांनी पहिल्या घाण्यातल्या चकल्यांचा वाडगा गिरणीतच पाठवला.

चकली खात प्रबुद्ध म्हणाला, "आई, तू त्यांना परत पाठवलंस, तरी त्या चिडल्या नाहीत."

"चिडतील कशाला? 'नाही' लवकर कळलं की माणूस दुसरीकडे जातो. तू त्यांना हो म्हणून बांधून ठेवलंस."

"मला वाईट वाटतं गं, कुणाला परत पाठवायला."

"मलापण वाटायचं. पहिल्या वर्षी सगळ्यांना हो म्हणायचे. दिवाळीत अर्ध्या बायांनी गिरणी बदलली." नंदाताईंनी गजरा काढून फळीवर ठेवला. "आणि नुसतं नाही म्हणून भागत नाही. नाहीच्या मागे कधी होईल ते सांगायचं. नाहीतर ते दार लावून घेतल्यासारखं होतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला प्रबुद्ध बसला आणि त्यानं आपल्या व्यवस्थेला दार केलं. येणाऱ्या प्रत्येक कामानं आधी सांगायचं की किती वेळ लागेल आणि किती वेळानं पुन्हा लागेल. व्यवस्था बेरीज करणार. आधी आत घेतलेल्या कामांना दिलेला शब्द मोडत नसेल तरच नव्याला आत घेणार. मोडत असेल तर नाही. पण नाहीबरोबर हेही कळवणार की आता किती जागा शिल्लक आहे, म्हणजे काम आपली मागणी कमी करून परत येऊ शकेल. या शेवटच्या गोष्टीला त्याचे तीन आठवडे गेले. बदलासोबत जोडायच्या टिपणात त्यानं कारण लिहिलं, "माझ्या आईची पिठाची गिरणी आहे," आणि पुढे डब्यांची सगळी हकिगत.

त्याच तीन आठवड्यांत राजेश आला. राजेश सोसायटीचा सेक्रेटरी, माणूस उत्साही. "प्रबुद्धभाऊ, सोसायटीचं ॲप करू या. बिलं, पाणी, पार्किंग, सगळं. महिनाअखेर होईल ना?"

प्रबुद्धचा चेहरा सवयीनं खुलला. तोंडातून "हो" निघायलाच आलं होतं. त्यानं मनात बेरीज केली. "या महिन्यात होणार नाही, राजेश. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी बसू. घाई असेल तर माझा एक मित्र आहे, अनिरुद्ध, त्याला विचार."

राजेशनं विचारलं, "बरं आहे ना रे तुला?" मग म्हणाला, "दे नंबर." अनिरुद्धनं ते ॲप दहा दिवसांत करून दिलं, आणि राजेश भेटेल त्याला सांगू लागला की प्रबुद्धनं काम लगेच मार्गी लावलं.

चोवीस नोव्हेंबरला रेवतीचं पत्र आलं. पहिल्यांदाच त्यात उणीव काढलेली नव्हती. "टिपण दोनदा वाचलं. प्रत्यक्ष वापरात कुठे ऐकता येईल का? विक्रोळी म्हणतोस तर मी मुलुंडला राहते." प्रबुद्धनं ते वाक्य तीनदा वाचलं. दोन वर्षं त्याची समजूत होती की ही बाई जर्मनीत कुठेतरी असणार. मुलुंड म्हणजे मधे कांजूरमार्ग, भांडुप आणि नाहूर. त्यानं लगेच सव्वीसच्या कार्यक्रमाची जागा आणि वेळ कळवली.

सव्वीसच्या संध्याकाळी पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. कार्यक्रमाआधी तेजलनं माइक तपासले. एक, दोन, तीन, चार. मग घुमारा लावला. पडद्यावर ओळ आली.

"दादा, मला नाही म्हणतंय तुझं मशीन."

"पुढे वाच ना."

"'जागा पुरत नाही. निम्मा घुमारा चालेल.'" तेजलनं कमरेवर हात ठेवले. "हे आईसारखं बोलतंय."

"आईकडूनच शिकलंय. निम्मा लाव."

तिनं निम्मा लावला. कार्यक्रम दोन तास चालला. भीमराज ढोलकीवर असे काही रंगले की शेवटच्या गाण्याला विहारातल्या म्हाताऱ्या बाया उभ्या राहून टाळ्या देऊ लागल्या. चारही माइक शेवटपर्यंत स्वच्छ होते. एक कट् नाही. प्रबुद्धला गाणं असं ऐकूच आलं नाही, तो दोन तास फक्त न झालेला आवाज ऐकत होता.

शेवटच्या रांगेत खादीच्या कुर्त्यातली, पन्नाशीची, केस आखूड कापलेली एक बाई डोळे मिटून बसली होती. कार्यक्रम संपल्यावर ती उठून सरळ नंदाताईंकडे गेली. दोघी बराच वेळ बोलल्या. नंदाताई हातानं डब्याच्या झाकणावर काहीतरी लिहिल्याचं दाखवत होत्या. प्रबुद्ध तारा गुंडाळून पोचेपर्यंत ती निघून गेली होती.

"कोण होती?"

"रेवतीताई. मुलुंडच्या. छान बाई आहे रे, नीट ऐकून घेते."

"माझ्या कामाबद्दल काय म्हणाल्या?"

"त्याबद्दल काही नाही बोलली. गिरणीचंच विचारत होती."

गुरुवारी पत्र नाही. शुक्रवारी नाही. आवृत्ती बंद व्हायला दोन दिवस उरले होते. शनिवारी सकाळी प्रबुद्ध आईला डबे लावू लागत होता, तेव्हा रेवती गिरणीच्या दारात उभी राहिली. हातात स्टीलचा मोठा डबा.

"नमस्कार नंदाताई. थालिपिठाची भाजणी आणलीय. मुलुंडात मनासारखी दळून मिळत नाही."

नंदाताईंनी झाकण उघडलं, भाजणी हातात घेऊन वास घेतला. "धणे छान भाजलेत हो. पण आज शनिवार. भाजणी मंगळवारी आणि शुक्रवारी."

"आई," प्रबुद्ध दबक्या आवाजात म्हणाला. "त्या एवढ्या लांबून आल्यात. आणि त्या कोण आहेत तुला..."

"कोण का असेना. आज दगडावर गहू आहे. गव्हाच्या सहा जणी बसल्यात." मग रेवतीकडे वळून, "आज होणार नाही ताई. मंगळवारी अकराला नक्की. डबा ठेवून जा, नाहीतर इथे टागोर नगरला आहे एक गिरणी."

प्रबुद्धला वाटलं, पिठाच्या पोत्यात शिरावं. दोन वर्षांचं काम ह्या बाईच्या हातात, आणि आपली आई तिला दारातून परत पाठवतेय.

रेवती मात्र हसत होती. तीन खेपा ज्याला नाही म्हटलं त्याच्या आईकडून नाही ऐकताना तिला बरंच वाटत असावं. "ठेवते डबा," ती म्हणाली. मग प्रबुद्धला म्हणाली, "तुझा बदल मी आज सकाळी सहाला आत घेतला. पत्र टाकणारच होते. म्हटलं, डबा न्यायचाच आहे तर सांगून येते."

प्रबुद्धच्या हातात गव्हाचा डबा होता. तो त्यानं आधी नीट खाली ठेवला. मग बोलायला तोंड उघडलं, पण मोटरच्या आवाजात काय बोलला ते कुणालाच कळलं नाही.

"एक कारण शिल्लक आहे," रेवती मोठ्यानं म्हणाली. "टिपणात गिरणीला दोन ठिकाणी कारखाना लिहिलंयस. दुरुस्त करून पाठव. उद्यापर्यंत होईल?"

प्रबुद्धनं उत्तर द्यायला घाई केली नाही. बाहेर गव्हाच्या सहा जणी बसल्या होत्या, आणि दुपारी तेजलनं बोलावलं होतं.

"आज होणार नाही," तो म्हणाला. "उद्या सकाळी सातला नक्की."

नंदाताईंनी कानामागचा खडू काढला, रेवतीच्या झाकणावर 'मं. ११' लिहिलं, आणि पुढच्या डब्यातले गहू दगडात सोडले.